आत्याचा सडा

प्रिय नातवंडांनो,

तिकडे आता चार वाजताच अंधार पडतो आणि तुम्ही खिडक्यांच्या फटी बुजवून टाकल्यात, असं तुम्ही कळवलंत. म्हणून हे लिहिते. आधीच सांगते, मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. अंगात आलेल्या बायकांना मी डॉक्टरकडे पाठवलं आहे. तरी ही एक गोष्ट मला कुठल्याच कप्प्यात ठेवता आलेली नाही...

एकोणीसशे तीसच्या दशकात मी ट्रेनिंगसाठी स्कॉटलंडला गेले. आमचं घर सोलापूरला, शुक्रवार पेठेत. उन्हाळ्यात तिथला रिवाज ठरलेला – ऊन तापायच्या आत दारं-खिडक्या लावायच्या, फटींत चिंध्या कोंबायच्या, वाळ्याचा पडदा भिजवायचा. संध्याकाळी अंगणात पाण्याचा सडा टाकून सगळं सताड उघडायचं. हे काम आत्याचं. बाबांची ही थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन आमच्याकडे राहिलेली.

मी निघाले तेव्हा ती म्हणाली, “तितं म्हणे ऊनच नसतं. मग संध्याकाळी दारं कोण उघडतं गं?”

“दारं बंदच असतात, आत्या.”

“असं कसं? मला हाक मार. येते की उघडायला.”

सगळे हसले.

मी पोचले तेव्हा तिकडे उन्हाळा होता. रात्रीचं जेवण झालं तरी लख्ख उजेड, झोप येईना. आणि मग शाळा सुटल्यावर पोरं पळावीत तसा तो उजेड निघूनच गेला. डिसेंबरात दुपारचा चहा दिव्यात. मी जिच्या घरी राहत होते त्या लँडलेडीला म्हटलं, “फारच हिवाळा आहे.” ती म्हणाली, “अजून आलाय कुठे तो?”

नाताळनंतर आला. बर्फ पडायला लागला तो थांबेना. लँडलेडी बहिणीकडे अडकली, घरात मी एकटी, वरच्या मजल्यावर. खालचं दार बाहेरून बर्फाने दाबलेलं, खिडकी चौकटीला गोठून चिकटलेली. सोलापुरात उन्हाने कोंडलं तरी संध्याकाळ येणार, हे माहीत असतं. इथे संध्याकाळ दुपारीच येऊन बसली होती आणि उठायला तयार नव्हती.

मग सोलापूरची मुलगी जे करेल तेच मी केलं. जुनं लुगडं फाडून खिडकीच्या, दाराच्या फटी घट्ट बुजवल्या, धुराड्याखालच्या शेगडीत भरपूर कोळसा घातला आणि दुपारीच अंथरुणात शिरले. जळत्या कोळशाला हवा लागते, हे मी पुस्तकात शिकले होते. पण हात घरचं ऐकत होते.

डोकं जड झालं. उठायला गेले तर पाय हलेनात. वाटलं, पडून राहावं... तेवढ्यात ओल्या वाळ्याचा वास आला. दाराशी फसकन् पाणी फेकल्याचा आवाज झाला. मग आत्याचा आवाज – रोजचाच, वैतागलेला.

“ऊठ की गं. ऊन उतरलं. दार उघड, घर घुसमटलं.”

“उठते...”

“उठते काय, ऊठ. लोळायला विलायत कशाला लागते?”

मी सरपटत दाराशी गेले, चिंध्या ओढल्या, दार उघडलं आणि जिन्यातल्या गार हवेत डोकं घालून पडून राहिले. जिन्यात कुणी नव्हतं. पण माझी बाही कोपरापर्यंत भिजली होती. उंबऱ्याच्या आत पाणी होतं. छत मी नंतर तपासलं, कोरडं होतं.

दुसऱ्या दिवशी लँडलेडी आली, तोवर त्या पाण्याचा बर्फ झाला होता. “इथे बादली कुणी सांडली?” म्हणून ती रागावली. मग बर्फाने बुजलेलं धुराडं तिच्या लक्षात आलं आणि बादली विसरून तिने आधी माझं कपाळ चाचपलं.

सोलापूरला परतल्यावर, मी काही बोलायच्या आतच आईने आत्याची तक्रार केली. “संक्रांतीच्या आधी, ऐन थंडीत, दिवे लागल्यावर वन्सं भरल्या ताटावरून उठल्या. अंगणात घागरभर पाणी फेकलं आणि दारं उघडत सुटल्या. चिखल झाला असेल म्हणून मी कंदील घेऊन गेले, तर अंगण ठणठणीत कोरडं.”

सोलापुरात दिवे लागतात तेव्हा तिकडे दुपार असते.

आत्या शेंगा फोडत बसली होती. तिला विचारलं तर म्हणाली, “बोलले होते की, येते म्हणून,” आणि शेंगा फोडत राहिली.

कोळशाच्या विषारी वायूने भास होतात, हे मी वर्गात शिकवलं आहे. भासाने बाही भिजत नाही.

तेव्हा एक खिडकी बोटभर उघडी ठेवा. थंडी वाजली तर वाजू दे. आत्या आता नाही. आणि मला इतक्या लांब पाणी फेकता येईल की नाही, माहीत नाही.

तुमची,
आजी