सशाला घातलेली आंघोळ

कुणाला सांगू नका म्हणून सांगते. सासरी येऊन पुरता महिनाही झाला नव्हता, तेवढ्यात मी आत्याबाईंचा ससा जवळजवळ मारलाच होता!

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. लग्नात मानपानावरून काहीतरी बिनसलं, तेव्हापासून त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. यांची पिंपरीच्या नव्या कारखान्यात शिफ्ट. दिवसभर चिंचवडच्या त्या घरात आम्ही दोघी आणि मोत्या ससा. जे काय बोलायचं ते मोत्याशी. "मोत्या, आमटी खारट झालीया बग." आता ससा कधी आमटी खातो का?

मोत्या विलायती. यांच्या साहेबांनी बदलीच्या वेळी दिलेला. अंगभर चार बोटं लांब, पांढरीशुभ्र लोकर. आत्याबाई ती स्वतः कातरायच्या.

एकदा त्या कीर्तनाला गेल्या. म्हटलं, आज आपणच कातरून ठेवावी. खूश होऊन एक शब्द तरी बोलतील.

माझं माहेर खेडकडचं. तिकडे धनगर मेंढरं आधी नदीत धुतात, मग कातरतात. सशाला वेगळा न्याय कशाला? घंगाळात पाणी ओतलं, शिकेकाई घेतली आणि मोत्याला चांगला चोळून काढला!

मेंढरू अंग झाडून चरायला लागतं. मोत्यानं डोळे पांढरे केले. लोकर आळून तिची घोंगडीच झाली. ओढून कातरायला गेले, तर कातडीही वर आली आणि जरा खरचटलं. मी घाबरून हळद लावली. अंग तर गारठलेलं! हा गेला तर? माझ्याशी कुणी बोलत नव्हतंच, पण निदान माझ्याविषयी तरी बोलत होतं.

परातीत फडकं घालून त्याला चुलीजवळ ठेवलं. तेवढ्यात शेजारच्या राधाकाकू विरजण मागायला आल्या.

"अगं बया! माळकऱ्याच्या घरात?"

"काकू, आंघोळ घातलीय हो त्याला!"

"आन् हळद बी लावलीस की गं!"

काकू तशाच कीर्तनात धावल्या. आत्याबाई अनवाणी आल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मोत्याला कोरडं पुसलं, पदरात घेऊन छातीशी धरलं. किती तरी वेळ काही नाही. मी दारात रडत उभी. शेवटी मोत्याचं नाक हललं.

लोकर पार वाळल्यावर त्यांनी त्याला मांडीवर घेतलं आणि गुंता बोटांनी सोडवत बारीक बारीक कातरायला लागल्या.

"कातडी बोटानं दाबून धरायची. लोकर वडायची न्हाई. आन् पान्यात तर कदीच न्हाई."

मी चमकले. त्या मोत्याकडे बघत नव्हत्या!

"आन् सूनबाई, भूक लागली तर तोंडानं सांगत जा गं. आमी काय उपाशी ठिवतो व्हय तुला?"

खरं काय ते सांगायला तोंड उघडलं. पण म्हटलं, बाई कधी नव्हे ती बोलतेय.

"बरं, आत्याबाई," म्हणाले. आणि अशा रीतीनं, ससा शिजवायला निघालेली सून म्हणून मी त्या घरात रुळले.