भाऊंना न मिळालेलं एक मत

मोठे भाऊ पहिली निवडणूक लढले तेव्हा प्रभागात एकूण ४२४ मतं पडली. मोजणीच्या दिवशी आमच्या घरचे सात जण जामनेरला तहसील कचेरीत हजर होते, आणि भाऊंना मत न दिलेला माणूस त्या सातांतच होता.

भाऊ आज दिल्लीत खासदार आहेत. तेव्हा ते साधे केळीचे बागाईतदार होते आणि ग्रामपंचायतीला उभे होते. "ही पहिली आणि शेवटची," त्यांनी वहिनींना शब्द दिला होता. "पडलो तर बागेत जाईन, पुन्हा निवडणुकीचं नाव काढणार नाही." म्हणजे सगळं त्या एका निकालावर होतं. आकडेमोड माझ्याकडे होती. (घरात हिशेबाला पक्का मीच, असं मीच सांगत असे.)

मतदार यादीत आमची २१३ मतं मी काढली होती. मतदानाच्या दिवशी चहा घेता घेता घरच्या सगळ्या नावांवर लाल खूण करून टाकली. घरची मतं काय, पक्कीच! मग दिवसभर केंद्राबाहेर टेबल टाकून, खूण नसलेल्या एकेकाला घरातून, शेतातून, पारावरून बोलावून आणलं. एकाला तर अर्धी दाढी झालेली असताना न्हाव्याच्या खुर्चीतून उठवलं! मतदान संपलं तेव्हा २१३ च्या २१३ नावांवर खूण होती. "शंभर टक्के!" म्हणून मी यादी मिटली.

मोजणीत निघाली २१२. समोरच्यालाही २१२!

"फेरमोजणी करा!" मी ओरडलो. केली. २१२ आणि २१२. आता चिठ्ठी टाकायची ठरली. अधिकारी कागद फाडत होते तेवढ्यात मी घरच्यांना व्हरांड्यात रांगेत उभं केलं.

"आपलं एक मत पडलंच नाहीये. बोटं दाखवा!"

"बापू, डोकं ठिकाणावर आहे का?" आमचे वडील आबा म्हणाले. पण बोट दाखवलं. शाई होती. मायचं बोट पाहिलं, वहिनींचं पाहिलं, खुद्द उमेदवाराचंही पाहिलं. माझ्या बायकोने बोट दाखवताना माझ्याकडे असं काही पाहिलं की मी तिची शाई नीट तपासलीच नाही. शेवटी अक्का. सोनगीरला दिलेली आमची थोरली बहीण, खास निवडणुकीसाठी आलेली. बोट कोरं करकरीत!

"अक्का! तू?"

"मन्हं मत सोनगीरले शे रे!" अक्का कडाडली. "बठ्ठास्नं दखं, आते तुन्हं बोट दखाड!"

सगळ्यांचं पाहून झालं होतं, राहिलं होतं माझंच. मी डावा हात वर केला. बोट स्वच्छ होतं. शाई केंद्राच्या आत लावतात, आणि आत मी गेलोच नव्हतो! सकाळी माझ्या नावावर मीच खूण केली होती ना.

आत शिपायाने डब्यात हात घातला. त्याने चिठ्ठी उलगडेपर्यंतचा वेळ मला मोजता आला नाही, हे मी कबूल करतो. चिठ्ठी भाऊंची निघाली, गुलाल उडाला!

माझ्या डोळ्यांना धार लागली. "भाऊ, माझ्यामुळे..."

भाऊंनी माझ्या अंगावरचा गुलाल झटकला. "एका मताने निवडून येणारे पुष्कळ आहेत, बापू. एका मताशिवाय मीच आलो."

पुढे भाऊ सरपंच झाले, जिल्हा परिषदेत गेले, आमदार झाले. प्रत्येक मतदानाला सकाळी त्यांचा फोन ठरलेला. "बापू, बोट?" मी शाईच्या बोटाचा फोटो पाठवायचो, मगच ते प्रचाराच्या माणसांशी बोलायचे.

मग मी जळगावला मेहरूणमध्ये घर बांधलं आणि नियमाप्रमाणे मतदार यादीतलं नावही तिकडे नेलं. तेवढ्यात भाऊंना लोकसभेचं तिकीट मिळालं. आकडेमोड पुन्हा माझ्याकडे! मतदारसंघातल्या सगळ्या केंद्रांचा तक्ता मी केला, दोनदा तपासला. त्यात माझं स्वतःचं केंद्र नव्हतं, पण त्याचं मला काही वाटलं नाही. घरचं मत मी धरूनच चालतो.

मतदानाला सात वाजता रांगेत पहिला मी. मशीनवरची नावं वरून खाली वाचली, खालून वर वाचली.

"साहेब, यात एक नाव राहिलंय!"

"कोणाचं?"

"माझ्या भावाचं!"

"काका," साहेब शांतपणे म्हणाले, "ते पलीकडच्या मतदारसंघात उभे आहेत. हा वेगळा. बटण दाबा, मागे रांग आहे."

मी दाबलं. (कोणतं ते गुप्त असतं.) बाहेर येतो तोच फोन.

"बापू, बोट?"

शाई तर होती. नुसता फोटो पाठवला असता तरी भागलं असतं. पण मला राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. मग भाऊ इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"अरे, मग आता मला कसली काळजी!"

भाऊ भरघोस मतांनी निवडून आले. दिल्लीला निघण्याआधी ते मेहरूणला जेवायला आले, तेव्हा मी नाव पुन्हा गावच्या यादीत नेण्याचा अर्ज भरून तयार ठेवला होता. भाऊंनी चष्मा लावून तो पूर्ण वाचला, चार घड्या घातल्या, स्वतःच्या खिशात टाकला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले,

"बापू, तुझी माया आहे ना माझ्यावर? मग नाव मेहरूणलाच राहू दे!"