शेपूमामाचे हात

मामा बटाट्यात शेपू घालायचा, काकडीत शेपू, दह्यात शेपू. त्याचं चाललं असतं तर त्यानं चहालाही सोडलं नसतं, म्हणून तो शेपूमामा. मला शेपू आजही आवडत नाही, खोटं कशाला बोलू! पण मामा ताट पुढे करून तोंडाकडे बघत बसायचा, मग मी मुकाट्यानं खायचे.

भिलाईला कारखाना उभा राहत होता, तेव्हा तिथल्या रशियन साहेबांच्या भटारखान्यात मामा कामाला होता. सुटीत गावी, नागऱ्याला आला की अंगणात तीन दगड मांडून त्यांचं जेवण रांधायचा. बिटाचा लालभडक रस्सा, वर दह्याचा गोळा. घरातली मामीची चूल मोकळी असली तरी तिला शिवायचा नाही. पूर्वी गाईची धारही तोच काढायचा, आता बादली मामीच्या हाती देऊन बाजूला व्हायचा. साहेबांत राहून साहेब झालास, असं आम्ही चिडवायचो. तो हसायचा नाही.

मामीला त्याच्या रशियन शब्दांची भारी हौस. कार्तोष्का म्हणजे बटाटा, उक्रोप म्हणजे शेपू. एकदा बोलण्याच्या भरात त्याच्या तोंडून ‘गव्यादिना’ निघून गेलं. मामीनं लगेच पकडलं, गव्य म्हणजे आपल्या पंचगव्यातलंच ना? मामा हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. झालं! गोऱ्यांच्या रांधण्यातही गाईचं दूध-तूप असतं, आमचा माणूस तिथंही सोवळ्यात आहे, असं तिनं गावभर केलं. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी देवळात महाप्रसाद असायचा. तो यंदा मामानंच रांधावा, असं गावानं ठरवलं.

त्या दिवशी मामा कढईजवळ फिरकलाच नाही. उष्ट्या पत्रावळी उचलत राहिला. लोक म्हणाले, काय नम्र माणूस! मामी मात्र संतापानं फणफणत घरी आली.

"गावात माझं नाक काऊन कापलं तुमी?"

मामा उंबऱ्याबाहेरच बसला.

"गव्यादिना म्हणजे गाईचं मटण. तिथं रोज याच हातानं कापतो मी. देवाच्या कढईले हात कसा लावू? अन् तुले कसं सांगू?"

मामी आत गेली आणि दार लोटून घेतलं. त्या दिवशी चूल पेटली नाही. मामा तसाच बाहेर बसून होता. सकाळी त्यानं पिशवी भरली. या घरात आता आपल्याला जागा नाही, हे त्यानं स्वतःच ठरवून टाकलं होतं.

तेवढ्यात मामी बाहेर आली. तीन दगडांपाशी बिटं ठेवली आणि म्हणाली, "रांधा."

त्यानं रांधलं. मामीनं त्याच्यासमोर बसून वाटीभर रस्सा संपवला आणि तोंड वाकडं केलं.

"शेपू जास्त झाला."

मामा ढसाढसा रडला. पुन्हा भिलाईला गेला नाही, शेतीतच रमला.

मामीनं पोटात घातलं आणि गावाला कधी कळलंच नाही. पण मामानं स्वतःला सोडलं नाही. मामी गेल्यावर गाय त्याच्या एकट्याच्या गळ्यात पडली. धारेला तो शेजारणीला हाक मारायचा, आणि तिची बादली भरेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे धरून गाईपासून लांब उभा राहायचा.