मोहितची ड्युटी

धसका घेण्यात बायडाबाईचा अख्ख्या शिनोलीत पहिला नंबर. दारात कुत्रं भुंकलं तरी हिच्या काळजात धस्स! त्यात एकुलता एक मोहित कुवेतला गोदामात कामाला गेला, तेव्हापासून फोन वाजला की हिचे हातपाय गार.

त्या दुपारी ती आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात पातेली घासत होती. घोडेगावच्या पोस्टातून कारकून रामदासचा फोन आला. रेंजचा तर आनंदच. "मावशी, मोहितचं कुवेतवरनं आलंय... ड्युटी भरल्याली न्हाई... भरली नाय तर परत धाडत्यात..." आणि फोन कट.

झालं! बायडाबाईचा सगळा जन्म ड्युटी भरण्यात गेलेला. ड्युटी भरली तर पगार, खाडा झाला तर बोलणी, एवढंच तिला ठाऊक. पोरगं कामावर गेलं नाही आणि आता त्याला हाकलून देणार, असाच तिनं अर्थ लावला. लावणारच की! का गेला नसंल? आजारी पडला? कुणाशी भांडला? तुरुंगात तर नाय टाकला? पातेलं तसंच टाकून ती जीपमध्ये चढली.

पोस्टात शिरल्या शिरल्या तिनं हात जोडले. "रामदासभाऊ, त्याच्या वाटची ड्युटी मी भरते. झाडू मारीन, भांडी घाशीन, काय बी सांगा. पण माझ्या पोराला परत धाडू नका!"

रामदास आ वासून बघतच राहिला. "अवं मावशी, पोराला कोण धाडतंय? त्यानं तुमाला मिक्सर पाठवलाय. परदेशातनं भेटवस्तू आली की सरकार कर घेतं, त्याला कस्टम ड्युटी म्हणत्यात. ती भरा आन् खोकं घिऊन जा."

अख्खं पोस्ट हसलं. लोकांचं काय जातंय हसायला! बाईचा जीव जायची वेळ आली होती. तिनं कनवटीचे पैसे काढून दिले. तिची समजूत पटावी म्हणून रामदासनं स्वतःच मोहितला फोन लावून दिला. पोराचा "आये, मिळाला का मिक्सर?" असा खणखणीत आवाज ऐकला आणि बायडाबाई तिथंच ढसाढसा रडली.

परतीच्या जीपमध्ये खोकं मांडीवर घेऊन बसल्यावर कुठं जिवात जीव आला. पण थोड्याच वेळात तिच्या मनात काहीतरी खुपायला लागलं. तिकडं आता ऐन कामाची वेळ. गोदामात शिरताना फोन फाटकावर जमा करावा लागतो, हे मोहितनंच सांगितलेलं. दिवसा त्यानं कधी फोन उचलला नव्हता. मग आज पहिल्याच रिंगला कसा उचलला?

कसाबसा तिनं फोन लावला. याही वेळी त्यानं लगेच उचलला.

"मोहित, खरं सांग बाबा. कामावर हायेस ना?"

मोहित हळूच म्हणाला, "आये, आधी मिक्सर लावून तर बघ ना."