ओतिलियाच्या विपीलचा अर्धा गळा

सान मेल्चोरच्या बाजारात सेफेरिनाच्या हातविणीच्या कपड्यांच्या दुकानापुढे उभं राहून "जुनं काही आहे का?" असं विचारायची सोय नव्हती. नवं मागा, सगळा ढीग उलटापालटा करा, भाव पाडून मागा, म्हातारी हसतखेळत बोलायची. पण 'जुनं' म्हटलं की तिचं डोकं फिरायचं. "जुनी मीच आहे," ती म्हणायची. "नेता का उचलून?"

रागाला कारण होतं. डोंगरातल्या त्या गावांत बाईचं लग्नातलं विपील, म्हणजे तीन पट्ट्या जोडून शिवलेला तो सैल झगा, तिच्याबरोबरच मातीत जातं. विणतानाच गळ्याभोवतीचा कशिदा अर्धा सोडतात. उरलेला अर्धा, ती बाई गेली की, तिला न्यायच्या आधी तिची जवळची बाई भरते. आता शहरातल्या दुकानांना जुन्याचा सोस लागलाय. अंगाचा वास असेल तर आणखी उत्तम! दलाल गावोगाव फिरून बायकांच्या पेट्या रिकाम्या करतात, आणि त्या बायका पॉलिस्टरच्या झग्यात पुरल्या जातात. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं याहून वेगळं काय असतं?

त्या दिवशी गवती टोपी घातलेली एक परदेशी बाई दुकानापाशी आली. बोलायला गोड होती. तिनं पिशवीतून एक विपील काढून सेफेरिनापुढे पसरलं.

"शहरात घेतलं. गळा अर्धवट आहे ना, म्हणून दुकानदारानं भाव उतरवला. तुम्ही पुरा करून द्याल? मला शनिवारी एका लग्नात घालायचंय."

सेफेरिनानं ते हातात घेतलं. मधल्या पट्टीवर दोन डोक्यांचा पक्षी होता आणि त्यातल्या एका डोक्याला डोळाच नव्हता. विणताना बडबड करायची खोड साऱ्या गावात एकीचीच होती, ओतिलियाची. त्या नादात तो डोळा राहिला तेव्हा सेफेरिना तिच्या शेजारीच बसली होती. ओतिलियाच्या लेकाला बाप्तिस्म्याला धर्ममाय म्हणून हातावर धरलं ते सेफेरिनानं, आणि तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणींसारख्या. जी मागे राहील तिनं दुसरीचा गळा भरायचा, असं त्यांचं केव्हाच ठरलं होतं. ओतिलिया आता दोन गल्ल्या पलीकडे अंथरुणाला खिळून होती. जिवंत होती! तिची पेटी उघडणारे हात त्या घरात एकाचेच होते.

"गोरे, ही जिची वस्तू आहे ती अजून श्वास घेतेय," सेफेरिना म्हणाली.

"अरेरे. पण मी पैसे मोजून घेतलंय हो." बाईनं विपील छातीशी धरलं.

"गळा भरून देते. पण आमच्यात तो मेलेल्या बाईचाच भरतात. ही चटई टाकते, आडवी हो, डोळे मीट. लगेच सुई ओवते."

बाई खळखळून हसली. तिला ती थट्टाच वाटली.

मग सेफेरिनानं दुकानातलं सगळ्यात भारी विपील काढलं आणि अदलाबदल कर म्हणाली. बाईनं नाकारलं. "नवं नको. जुन्यात कसा जीव असतो." जीव असतो म्हणे! ज्या बाईच्या जिवावर उठलीस तिच्या उशाशी जाऊन बस की घटकाभर! पण हे तोंडावर बोललं असतं तर पाखरू पिशवीतूनच उडून गेलं असतं. सेफेरिना ओठ आवळून उठली, दुकानामागच्या खोलीत गेली आणि स्वतःची पेटी उघडली.

तिचं लग्नातलं विपील बाईला एकदम पसंत पडलं. उजेडात धरून तिनं ते उलटसुलट पाहिलं. "याचाही गळा अर्धाच आहे," ती म्हणाली. "मग वर काहीतरी द्यायला हवं, नाही का?" बाजाराची ही रीत तिला कुणीतरी शिकवलेली दिसत होती. सेफेरिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी तिनं एक मातीची शिट्टी उचलून बाईच्या हातावर ठेवली आणि ओतिलियाचं विपील ओढून घेतलं.

ओतिलियाच्या अंगणात तिचा लेक रूतिलियो नवीकोरी मोटारसायकल पुसत होता. सेफेरिनाच्या काखेतलं बोचकं पाहून त्याचा चेहरा उतरला.

"धर्ममाय, ते आईच्या औषधासाठी..."

"औषधाला दोन चाकं असतात होय रे, मेल्या?"

ती आत गेली. ओतिलियानं उशीवरून मान वळवली. "काय आणलंस गं?"

"तुझा एकडोळ्या पक्षी. उडून गेला होता, धरून आणला."

"अजून हसतेस मला? तुझं विपील नीट ठेवलंयस ना? नाहीतर कसर लागायची."

"ठेवलंय," सेफेरिना म्हणाली आणि ओतिलियाचं विपील पेटीत ठेवून झाकण लावलं. आयुष्यात ओतिलियाशी ती पहिल्यांदा खोटं बोलली. त्याचा राग तिला सगळ्यात जास्त आला.

कोपऱ्यातला माग उचलून ती अंगणात आली. कमरेला पट्टा बांधून विणायचा तो बायकांचा माग. गावात पुरुषानं त्याला कधी हात लावला नव्हता. तिनं एक टोक खांबाला बांधलं आणि पट्टा रूतिलियोपुढे फेकला.

"बस."

"मी? अगं, गाव तोंडात शेण घालेल माझ्या!"

"घालू दे. तुझ्या आईचं सोडवायला माझं गेलंय. ते तू विणून द्यायचं. इथंच, रस्त्यावरून दिसेल असं."

आतून ओतिलियाची हाक आली, "काय चाललंय गं बाहेर?"

रूतिलियोनं घराकडे पाहिलं, सेफेरिनाकडे पाहिलं, आणि खाली बसून पट्टा कमरेला बांधला. बांधला तोही उलटा.

"धर्ममाय, मला हे जन्मात जमायचं नाही."

"जमेल," ती म्हणाली. "आणि गळा अर्धाच सोड. तुझं होईपर्यंत मी काही मरत नाही."