केबलच्या टोकाची टोपी

पाचही कॉम्प्युटर चालू होते आणि एकही दुसऱ्याशी बोलत नव्हता. दसऱ्यानंतरची सकाळ होती, कचेरी रामदासपेठेतली, आणि मॅनेजरसाहेब माझ्या, म्हणजे कचेरीच्या इंजिनिअरच्या, खुर्चीमागे उभे होते.

कचेरीच्या स्मरणिकेत आमचे माजी सहकारी पांडे लिहितात, की त्या दिवशी मुंबईची लाइन गेली आणि ‘एका अडाणी बाईने’ गोंधळात भर घातली. दोन्ही विधाने चूक आहेत. पांडे तेव्हा रजेवर होते.

मुंबईशी आम्ही टेलिफोनच्या तारेने जोडलेले होतो. शहरे जोडते ते वाइड एरिया नेटवर्क. एका इमारतीत मावते ते लोकल. येथे शेजारशेजारच्या यंत्रांतच अबोला होता, म्हणजे दोष इमारतीतच होता. आमची जोडणी ‘बस’ प्रकारची. एकच केबल पाचही टेबलांवरून जाते आणि तिच्या दोन्ही टोकांना धातूची छोटी टोपी, टर्मिनेटर, लागते. ती नसली तर सिग्नल टोकावर आपटून माघारी येतो आणि सर्वांचेच बोलणे खुंटते. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र तार देणाऱ्या ‘स्टार’ जोडणीत एखादेच रुसले असते.

केबल चाचपत मी शेवटच्या टेबलापाशी पोहोचलो. टोपी नव्हती.

ती देवाच्या फळीवर होती, हळदकुंकू लावलेली. खंडेनवमीची पूजा सुलोचनाबाईंनी मांडली होती. त्या हंगामी शिपाई; त्यांना कायम करण्याचा कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या टेबलावर आला होता. टोपी कुठे सापडली ते पाहताच साहेबांनी तो बाजूला सारला.

बाईंनी टोपी पदराने पुसून माझ्या हातात दिली.

“तुमीच तं म्हणलं होतं साहेब, लहान-मोठं सारं पूजेले मांडजा. इतकुसं हाय, त्यालेच काहून वगळावं, असं वाटलं मले.”

मी तसे म्हणालो होतो. टोपीचे काम काय, हे मात्र त्यांना सांगितले नव्हते. त्यांना सांगून काय उपयोग, असे मीच ठरवून टाकले होते.

रिपोर्टमध्ये कारण काय लिहिणार, असे साहेबांनी विचारले.

“माझे नाव,” मी म्हणालो.

“मेमो मिळेल.”

“मिळू द्या. त्या कागदावर मात्र सही करा.”

टोपी बसवताच यंत्रे बोलू लागली. मेमो दुसऱ्या दिवशी आला, सही त्याआधी झाली. बाई त्याच कचेरीतून निवृत्त झाल्या.

जोडणी यंत्रांना समजली, एवढ्याने इंजिनिअरचे काम संपत नाही. राहिले पांडे. त्यांनी माझी चूक बाईंच्या नावावर छापली आहे. ती मला परत हवी.