हौसावयनीची खिचडी आणि शाळेची बादली

शाळेत पोरांची पोटं बिघडली की तुम्ही पहिलं कुणाला धरता? खरं सांगा. कोकणात खेड तालुक्यातल्या एका आतल्या वाडीनं हौसावयनीला धरलं. ती शाळेत खिचडी शिजवते आणि बौद्धवाडीत राहते. एवढ्यावरून पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

तिच्या तोंडाला सगळी वाडी वचकून. चुलीपाशी मात्र नखं कापून, केसांना फडकं बांधूनच उभी राहणार. एप्रिलात बरीच पोरं एकदम आजारी पडली, तसा शाळा समितीचा भागोजी चुलीसमोर येऊन उभा राहिला.

"वयनी, उद्यापासून येव नको. लोकांस तुझ्या हातचं नको हाय."

"इतकी वर्षं चाललं, नि आज इटाळ झाला काय?" हौसा फणकारली. पण काम जाईल ही भीती होतीच. त्याहून मोठी धास्ती वेगळी होती. खरंच आपल्या हातून काही झालं असलं तर?

तेवढ्यात आरोग्यसेविका मनालीताई आल्या. त्यांनी तांदूळ पाहिले, डाळ पाहिली, पिण्याचं पाणी पाहिलं. मग पोरांना म्हणाल्या, "जेवणाआधी काय करता, दाखवा बघू."

हात धुवायचं गाणं पोरांना तोंडपाठ. तळवे, बोटं, नखं, सगळं साबण लावून चोळलं. आणि मग एकामागून एक सगळ्यांनी हात बुडवले ते एकाच बादलीत! शेवटच्या पोरापर्यंत पाण्याचा तांबडा चहा झाला होता.

"पाणी बदलत नाही?"

"विहीर आटलीय ना ताई," चौथीतली आरोही ऐटीत म्हणाली. "पाणी वाया घालवायचं नाही. आम्हाला शाबासकी मिळालीय!"

मनालीताईंनी कपाळाला हात लावला. "भागोजीदादा, खिचडीत काही खोट नाही. एकाची घाण सगळ्यांच्या पोटात जातेय ती या बादलीतनं."

हौसाच्या छातीवरचा धोंडा उतरला. तिनं डोळे पुसले, तांब्या घेतला. "चला रे! एकानं ओतायचं, दुसऱ्यानं धुवायचं. पाणी जाऊं दे केळीच्या बुडात."

भागोजी घुटमळला. "वयनी, उद्या येशील ना गो?"

"येन. तू आधी हात धू, मग बोल."

पोरं खदखदून हसली. भागोजीनं हात पुढे केले. आरोहीनं पाणी ओतलं.

आता तुम्ही एक करा. जवळच्या शाळेत जेवणाच्या वेळी जा. पोरांना गाणं म्हणायला लावू नका. ती हात कुठल्या पाण्यात धुतात, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.